एका चार्जिंगवर बेळगाव

तेरदाळकर अण्णा भाजी आणायला निघाले की त्यांच्या पिशवीत स्वतःचं एक किलोचं लोखंडी वजन असे. ते राजाजीनगरच्या भाजीबाजारात शिरले की निम्मे भाजीवाले चहा प्यायला उठत. उरलेल्यांपैकी कोणी वांगी तोलायला घेतलीच, तर अण्णा आपलं वजन पिशवीतून काढत, त्याच्या वजनासमोर दुसऱ्या पारड्यात ठेवायला लावत आणि काटा स्थिर होईपर्यंत डोळे बारीक करून उभे राहत. काटा मध्ये आला नाही तर भांडण ठरलेलं. पण काटा बरोबर मध्ये आला, तर अण्णा जास्त अस्वस्थ होत.

"बरोब्बर कसं काय आलं?" घरी परतताना ते मला विचारत. "ह्यात काय तर आहे बघ."

'काय तर' म्हणजे आमच्या पुण्याचं 'काहीतरी'. अण्णा मूळचे बेळगावचे. वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले. तळाला मेण थापलेली मापं, आतून पोखरलेली वजनं, दोन बोटं आखूड असलेल्या मीटरपट्ट्या हे सगळं त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं, की एखादी गोष्ट जेवढी दिसते तेवढीच असू शकते हे त्यांना पटेनासं झालं होतं. नोकरी सुटली, पण नजर काही सुटली नाही. दूधवाला दारात उभा असतानाच त्याच्या दुधात लॅक्टोमीटर बुडत असे. डॉक्टरांनी घरात कुणाला ताप आहे म्हटलं की अण्णा त्यांचा थर्मामीटर आधी स्वतःच्या काखेत घालून बघत, कारण स्वतःला ताप नाही याची त्यांना खात्री असे.

मी तेव्हा नुकताच पुण्याहून बेंगळुरात आलो होतो. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. सॉफ्टवेअर कंपन्यांनी आमच्यासारख्यांना घाऊक उचलायला सुरुवात केली होती. अण्णांच्या घरावरचा मजला भाड्याने आहे असं कळलं, तेव्हा मराठी घरमालक मिळतोय म्हणून माझी बायको मेधा हरखून गेली. अण्णा मात्र आम्हाला बघून अजिबात हरखले नाहीत.

"पुणं सोडून कोण येतंय काय?" ते म्हणाले. "काय भानगड केलास तिकडं?"

भानगड नाही, नोकरी लागली, असं मी सांगितलं. मग त्यांनी माझी कंपनी काय बनवते ते विचारलं. सॉफ्टवेअर हातात धरता येत नाही, तोलता येत नाही आणि कुठल्याही मापात भरता येत नाही हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की हे घर हातचं गेलं असंच मला वाटलं. तेवढ्यात त्यांच्या मागून शारदाअक्का बाहेर आल्या. अक्का म्हणजे त्यांची बायको. लहानखुऱ्या, हसऱ्या. त्यांनी सरळ मेधाचा हात धरला.

"बेळगावहून आलीस?"

"नाही, पुण्याहून," मेधा म्हणाली.

"मग वाटेत बेळगाव लागलं असेल की!"

"हो, लागलं ना."

एवढ्यावर अक्का खूश झाल्या. त्या खूश झालेल्या पाहून अण्णांनी खिशातून किल्ली काढली. हा व्यवहार असा का झाला, हे पुढे कितीतरी दिवस मला कळलं नाही.

अक्का विसरू लागल्या होत्या. गॅसवर दूध ठेवलेलं विसरतो तसं नव्हे. मधली सगळी वर्षंच त्या विसरल्या होत्या. बेंगळुरातलं घर हे चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याचं घर, असं त्यांना वाटे. सकाळी देवपूजा झाली की कापडी पिशवीत दोन लुगडी, फणी आणि कुंकवाची डबी घालून त्या पायरीवर येऊन बसत. "बेळगावला जायचंय. दादा वाट बघत असेल." दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात त्यांना समजावणारे अण्णा एकटेच.

अण्णांनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. एकदा रेल्वेने नेलं, तर मधल्याच एका स्टेशनावर बेळगाव आलं म्हणून अक्का उतरल्या. गाडी सुटायच्या बेतात असताना अण्णांना त्या नळापाशी हातपाय धूत असलेल्या सापडल्या. घरची जुनी फियाट होती. पण तिचं इंजिन सुरू झालं की अक्का घाबरून कान झाकत. पेट्रोलचा वास नाकात गेला की त्यांना उमासे येत, आणि दुसऱ्या वळणाला पोचायच्या आत त्या दार उघडून उतरू पाहत. म्हणून रोज सकाळी अण्णा एकच सांगत, "गाडीचं काम काढलंय. ती होऊ दे, मग जाऊ." आणि अक्का रोज नव्याने खूश होत.

हे 'गाडीचं काम' म्हणजे नुसतं बोलणं आहे असं मी धरून चाललो होतो. पण एका रविवारी अंगणात तीन बांबूंची तिकाटी उभी राहिली, साखळी लागली आणि फियाटचं इंजिन वर उचललं गेलं. मागोमाग पेट्रोलची टाकी निघाली, सायलेन्सर निघाला, रेडिएटर निघाला. आत उरला फक्त गिअरबॉक्स.

"विकलीत काय गाडी?" मी गॅलरीतून विचारलं.

"विकतोय कशाला? आता ही विजेवर चालणार. वास नाही, आवाज नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि पंपावर जायला नको. पेट्रोलमध्ये काय काय घालत्यात, तुला म्हाईत नाही."

खरं तर अण्णा स्वतःचं पाच लिटरचं माप घेऊन पंपावर जात, आणि त्यांना लांबून येताना पाहिलं की पंपावरची पोरं वीज गेल्याचं सांगत. तेव्हा पंपाला जायचं टाळण्यात नुकसान कुणाचंच नव्हतं.

"पण विजेवर गाडी कुठपर्यंत जाणार, अण्णा?"

"बेळगाव."

"एका चार्जिंगवर?"

"एका चार्जिंगवर," अण्णा म्हणाले आणि गाडीखाली गेले.

मी इंजिनीअर माणूस. वर येऊन कागदावर हिशेब मांडला. लॉरीच्या बॅटऱ्या एवढ्या, गाडीचं वजन एवढं, त्यात बॅटऱ्यांचंच वजन एवढं. दोनदा मांडला, तिसऱ्यांदा अण्णांवर मेहेरबानी म्हणून थोडा सैल मांडला. बेळगाव राहिलं बाजूला, तुमकूरच्या अलीकडेच गाडीला बैल जोडावे लागले असते.

"म्हणजे एक तर त्यांना काही कळत नाही, नाहीतर ते अक्कांना फसवताहेत," मेधा म्हणाली.

"वजनमापे खात्यातला माणूस आहे. कळत नाही असं कसं होईल?"

"मग ते खरंच निघतील. अक्कांना घेऊन हमरस्त्यावर, लॉऱ्यांच्या मध्ये बंद पडून बसतील." ही शक्यता आम्हा दोघांनाही सगळ्यात वाईट वाटली. आणि त्या दिवसापासून आम्ही अण्णांवर पाळत ठेवायला लागलो. संशय हा साथीचा रोग असावा. त्या घरात राहून आम्हालाही तो झालाच.

गाडीचं काम मात्र पुढे सरकत होतं. पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतल्या कुठल्याशा कारखान्यातून मोडीत निघालेल्या, माल उचलणाऱ्या विजेच्या गाडीची मोटर आली. अण्णांनी ती आणल्या आणल्या तोलून पाहिली. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसवायला लोखंडाची जाड चकती लेथवर कापून आणली, ती कॅलिपरने इतक्या ठिकाणी मोजली की लेथवाल्याने यापुढे यांचं काम घेणार नाही असं सांगून टाकलं. मग बॅटऱ्या आल्या. प्रत्येक बॅटरीचं झाकण उघडून, आतल्या आम्लात काचेची नळी बुडवून अण्णा तिची हजेरी घेत. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी दुकानात मिळतं, पण त्यावर त्यांचा भरवसा कसा बसावा? ते प्रेशर कुकरच्या वाफेचं पाणी थेंबथेंब बाटलीत जमवत. त्या दिवसांत अण्णांच्या घरात डाळ उघड्या पातेल्यात शिजत होती.

बॅटऱ्या चार्जिंगला लागल्या की आमच्या खोलीतला दिवा पिवळा पडे. मेधाला वेगळाच संशय आला. "वायर आपल्या मीटरवरून तर नाही ना घेतली?" मी हळूच जिन्याखाली जाऊन मीटरची चकती बघत उभा राहिलो. पाठीमागे अण्णा येऊन थांबले होते, ते मला कळलंच नाही.

"काय बघूलालास?"

"काही नाही. मीटर."

मला वाटलं, आता संपलं. पण अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. "बघावं! रोज बघावं. कुणावर भरवसा टाकू नये. मी तुला उगीच साधा समजूलालो होतो." त्यानंतर ते मला आपल्यातला मानू लागले आणि 'पुणेकर' म्हणून हाक मारू लागले. वायर त्यांच्याच मीटरवरून होती, हे मी नीट बघून घेतलं.

मोटरच्या जोडणीसाठी चामराजपेटेतून मंजुनाथ यायचा. मोटरी गुंडाळायचं त्याचं छोटं दुकान होतं. बडबड्या, पान खाणारा, दर वेळी तासभर उशिरा येणारा. मोटरमधून बाहेर आलेल्या चार वायरींपैकी कुठली कुठे जोडायची, ते तो खडूने भिंतीवर काढून देऊन गेला. अण्णा ते चित्र दोन दिवस बघत बसले.

"एवढं सोपं असतंय काय?" ते मला म्हणाले. "आणि मी न विचारता सांगितला. ह्यात काय तर आहे." शेवटी त्यांनी बराच विचार करून दोन वायरी मंजुनाथने सांगितल्याच्या बरोबर उलट जोडल्या.

मुहूर्त खंडेनवमीचा होता. त्या दिवशी बेंगळुरात चाक असलेली प्रत्येक वस्तू न्हाऊन, हार घालून, कुंकू लावून रस्त्यावर उभी असते. आमच्या क्रॉसवर, म्हणजे आमच्या गल्लीत, स्कूटरी, रिक्षा, एक आइस्क्रीमची गाडी असे सगळे नटून उभे होते. फियाटलाही झेंडूच्या माळा घातल्या. चारही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. गाडी पुढे जाणार, लिंबं चिरडणार आणि दृष्ट निघणार, अशी पद्धत. अक्का पायरीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. गल्लीतली माणसं कुंपणाला टेकून बघत होती. आवाज न करणाऱ्या गाडीवर त्यांचाही विश्वास नव्हता.

अण्णांनी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. म्हणजे आवाज झाला नाही, त्यामुळे सगळ्यांना काही झालं नाही असं वाटलं. अण्णांनी पहिला गिअर टाकला, पेडल दाबलं, आणि फियाट एकदम मागे गेली. लिंबं जागच्या जागी राहिली. गाडी हारांसकट मागच्या अंगणात शिरली आणि कपडे धुवायच्या दगडावर जाऊन आदळली.

सगळ्यात आधी मंजुनाथ पळत गेला. भिंतीवरचं चित्र आणि गाडीतल्या वायरी यांच्याकडे त्याने आळीपाळीने पाहिलं. "नानु हेळिदे अल्लवा सार?" तो जवळजवळ रडकुंडीला आला. मी सांगितलं होतं ना, साहेब!

"सांगितलास," अण्णा गाडीतून उतरत म्हणाले. "खरं तू खरं सांगूलालास हे मला कसं कळणार?"

बेळगावकडे 'पण' म्हणायच्या जागी 'खरं' म्हणतात. पण त्या दिवशी अण्णांचा आवाज उतरला होता. पायरीवरून अक्कांनी विचारलं, "बेळगाव आलं?" आणि लोक हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पाना उचलला, मंजुनाथच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला जाऊन उभे राहिले. दुसऱ्याला काम करू देऊन त्याच्याकडे पाठ फिरवून उभे असलेले अण्णा मी पहिल्यांदाच पाहत होतो. दुपारी फियाट सरळ पुढे गेली. लिंबं चिरडली गेली. कशाचाही आवाज झाला नाही, फक्त लिंबांचा झाला.

आता तर आमची काळजी खरीच वाढली, कारण गाडी चालत होती. अण्णा रोज पहाटे तिला घेऊन कुठेतरी जात आणि परत येऊन बॅटऱ्यांमध्ये नळी बुडवून बघत. त्यातच घरात चमत्कारिक गोष्टी घडायला लागल्या. लोखंडी गेटला निळा रंग लागला. मागच्या अंगणातलं तुळशीवृंदावन दोन माणसं लावून पुढे, डाव्या हाताला आणलं. पायरीशेजारी एक दगडी कट्टा उभा राहिला. मेधाने सांगितलं, अण्णा तिला विचारत होते, तुला इरकल साडी नेसता येते काय, भाकरी थापता येते काय, आणि रविवारी घरी असतेस काय.

"घर विकायला काढलंय," मी म्हणालो. "गिऱ्हाइकासाठी रंगरंगोटी चाललीय."

"आणि माझ्या भाकरीचा त्यात काय संबंध?"

घर विकून ते अक्कांना घेऊन कायमचे बेळगावला निघाले, असा आम्ही निष्कर्ष काढला. दिवाळी संपली की त्यांना थांबवायचंच, वेळ पडली तर एखाद्या बॅटरीची वायर काढून ठेवायची, असंही ठरवलं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी संध्याकाळी अण्णाच वर आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. एरवी ते आले की आधी नळ गळतोय का ते बघत. त्या दिवशी सरळ खुर्चीवर बसले. मग मीच विषय काढला.

"अण्णा, ती गाडी तुमकूरलाही पोचायची नाही. मी हिशेब केलाय."

"म्हाईत आहे," अण्णा म्हणाले. "मीबी केलाय. मल्लेश्वरमला जाऊन परत येते. त्याच्या पुढं चढाला दम टाकते."

"मग बेळगाव?"

"बेळगावात कोण आहे आता?" ते जमिनीकडे बघत होते. "तिचा दादा जाऊन किती वर्षं झाली. वैनी त्याच्याआधी गेली. घर पाडून तिथं दुकानं उठली. मी नेलो तरी तिला काय दाखवणार? ती दुकानं?"

मेधाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

"निळं गेट होतं. आत शिरलं की डावीकडं तुळस, आणि शेजारी कट्टा." अण्णांनी पुडकं मेधापुढे केलं. आत हिरवी इरकल होती. "तिची वैनी तुझ्यासारखीच बारीक होती गं. उद्या आम्ही फिरून येतो तवा तू तेवढी दारात उभी राहा. करशील न्हवं?"

मेधा लगेच हो म्हणाली नाही. मला तिचं ते पटलंही. "अण्णा, पण ही त्यांची फसवणूक नाही का?"

"आहे की." अण्णांनी मान वर केली. "सगळा जन्म खोटी मापं पकडली. हे एक माप मीच खोटं भरूलालोय. खरं ती किती दिवस पायरीवर बसायची? तू सांग."

मेधाने साडी घेतली. भाकरी मात्र तिला आजतागायत नीट जमलेली नाही. तिने त्या रात्री तीन थापल्या, तिन्ही चिरल्या. त्यातल्या त्यात बरी होती ती फडक्यात बांधून ठेवली.

सकाळी अक्का गाडीत बसल्या. मागच्या सीटवर निम्म्या जागेत बॅटऱ्या होत्या, उरलेल्या निम्म्यात मी. गाडी हलली तरी अक्कांना ती हलल्याचं कळलं नाही. त्यांनी कान झाकले नाहीत, पदर नाकाला लावला नाही. पिशवी मांडीवर घेऊन त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"तुमकूर," भाष्यम सर्कलला अण्णा म्हणाले.

"लवकर आलं."

"गाडी चांगली आहे न्हवं."

मल्लेश्वरमच्या फुलबाजाराशी चित्रदुर्ग झालं. शाळेच्या भिंतीला दावणगेरे. अण्णा गाव सांगताना एकही सोडत नव्हते. राणेबेन्नूर विसरले असते तरी कोण विचारणार होतं? पण तेही त्यांनी एका औषधाच्या दुकानाशी सांगितलं. मधे अक्कांना डुलकी लागली. जाग आल्यावर त्या दचकून म्हणाल्या, "धारवाड गेलं? वैनीला पेढे घ्यायचे होते!" अण्णांनी गाडी बाजूला घेतली, एका मिठाईच्या दुकानातून धारवाडी पेढे आणले. दुकानदाराने तोललेलं वजन त्यांनी बघितलंसुद्धा नाही. परतीच्या चढाला गाडी खरंच दमायला लागली. अण्णांची मान ताठ झाली होती, मीही मागे बसून पाय पुढे रेटत होतो, जणू त्याने उपयोग होणार होता. कित्तूर मागे टाकलं, वळण घेतलं, आणि समोर निळं गेट आलं.

मेधा दारात उभी होती. हिरवी इरकल, डोक्यावर पदर, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. अक्का गाडीतून उतरल्या आणि तिच्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, फसलं.

"वैनी," अक्का म्हणाल्या, "किती वाळलीस गं!"

आणि त्या खाली वाकल्या. मेधाने घाईघाईने त्यांना धरलं, तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. अक्कांनी तुळशीला हात लावला, कट्ट्यावर बसून पाहिलं, मग इकडेतिकडे नजर टाकली.

"दादा कुठाय?"

हे आम्ही कोणीच ठरवलेलं नव्हतं. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. मेधाने मात्र क्षणभरच थांबून सांगितलं, "बाजाराला गेलेत. येतीलच."

अक्कांना ते पुरलं. मग त्या अण्णांकडे वळल्या. आम्ही सगळं ठरवलं होतं, फक्त हे ठरवायचं राहिलं होतं.

"तुम्ही आता निघा," त्या म्हणाल्या. "तिकडं घर उघडं टाकून आलाय. मी राहते चार दिवस."

अण्णा गेटाशी उभे होते. त्यांच्याच गेटाशी. "बरं," ते म्हणाले. "जपून राहा." ते परत गाडीत बसले. मीही बसलो. गाडी गेली, कोपऱ्यावर वळली आणि तिथे त्यांनी ती थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"आता मी कुठं जायचं रे, पुणेकर?"

मी त्यांना मागच्या जिन्याने आमच्याकडे नेलं. खिडकीशी खुर्ची ओढून ते बसले, कारण तिथून खालचं बोलणं ऐकू येत होतं. मी पोहे केले, ते त्यांनी निमूट खाल्ले. खाली अक्का बोलत होत्या, विहिरीबद्दल, कुणाच्याशा लग्नाबद्दल, दादाने झाडावरून पाडलेल्या चिंचांबद्दल. मेधा हूं हूं करत होती. मध्येच अक्का खळखळून हसल्या.

"हसूलाली आहे न्हवं?" अण्णांनी मला विचारलं. स्वतःच्या कानांचाही त्यांना भरवसा वाटत नसावा.

"हो, अण्णा. हसताहेत."

ते पुन्हा खिडकीकडे वळले. दुपार झाली, खाली जेवणं झाली, मेधाने लावलेला रेडिओ थोडा वेळ वाजला. मग अक्कांचा आवाज जरा बारीक झाला.

"वैनी, चार दिवस झाले की. हे न्यायला आले नाहीत अजून?"

अण्णा ताडकन उठले. आमच्या मोरीत जाऊन त्यांनी तोंड धुतलं, माझा कंगवा घेतला आणि आरशासमोर उभं राहून भांग पाडला. शर्टाची वरची गुंडी लावली. "बरा दिसतो न्हवं?" असं विचारून, मी काही म्हणायच्या आत ते मागच्या जिन्याने खाली उतरले. कोपऱ्यावर उभी असलेली गाडी कधी आली ते कळलं नाही. गेटाशी हॉर्न वाजला तेव्हा कळलं.

मी खिडकीतून बघत होतो. अक्का पिशवी घेऊन कट्ट्यावरून उठल्या होत्या आणि मेधाचा दंड धरून तिला सांगत होत्या,

"म्हटलं नव्हतं मी तुला? हे विसरायचे नाहीत."